दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट? आधी ओठाकडची भिंत बघा

संकेश्वर : दाढ गेली तर वर्ष-वर्ष कुणाला कळत नाही. समोरचा दात गेला की मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवरच चौकशी सुरू होते. त्यामुळे पटाशीचा दात तुटलेला माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, नवीन कधी बसेल?" आणि उत्तर "आजच" असं आलं की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही.

माझं अगदी असंच झालं. तीन वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात गडहिंग्लजहून येताना पुढच्या उसाच्या ट्रॉलीला वाट देता देता दुचाकी खडीवरून घसरली. हाडं-बिडं शाबूत राहिली, पण वरचा समोरचा दात हलायला लागला. तो आधीच रूट कॅनल करून कॅप घातलेला होता. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं छोटा एक्स-रे काढला आणि सांगितलं, "सर, मूळ फाटलंय. आज काढू आणि आजच स्क्रू बसवू. संध्याकाळी दात घेऊनच घरी जा." पैशाची जमवाजमव करायला म्हणून मी दोन दिवस मागून घेतले. तेवढ्यात घरच्यांच्या आग्रहानं बेळगावात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सीबीसीटी स्कॅन काढायला लावला, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "थांबा की. दात काढू, पण स्क्रू आत्ता नको. दोन महिने जाऊ देत."

दोघंही शिकलेले, दोघांकडे गर्दी. एक म्हणतो आज, दुसरा म्हणतो दोन महिन्यांनी. मधल्या मधे माझ्यासारख्या पेशंटनं काय समजायचं? कोल्हापूर बरोबर की बेळगाव? तेव्हापासून हा विषय समजून घ्यायचा मी नाद लावून घेतला. आपल्या भागात संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज, चिकोडीकडची माणसं उपचारासाठी राज्याची हद्द न बघता दोन्हीकडे जातात. त्यामुळे असे दोन सल्ले पुष्कळांच्या वाट्याला येतात. त्यांच्यासाठी हा लेख.

दात हाडात रुतलेला नसतो

आपल्याला वाटतं, भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात बसलेला असतो. तसं नाही. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये अतिशय बारीक तंतूंची गादी असते. तिची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, साधारण 0.2 मिलिमीटर. या तंतूंचं एक टोक मुळात आणि दुसरं टोक हाडात शिरलेलं असतं. हाडाचा जो आतला पातळ थर हे तंतू धरून ठेवतो, त्याला दंतवैद्यकात 'बंडल बोन' म्हणतात. आपण त्याला दाताचं स्वतःचं हाड म्हणू. दात आहे तोवर ते आहे. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर ते काढून घेतं.

आता समोरच्या दातांची गंमत बघा. दाताच्या खोबणीला टाळूकडची भिंत चांगली जाड असते. ओठाकडची भिंत मात्र बहुतेकांची कागदी असते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तात्काळ इम्प्लांट बसवताना खोबणीच्या भिंतींची जाडी प्रत्यक्ष मोजली. समोरच्या दातांच्या जागी 100 पैकी 87 ठिकाणी ओठाकडची भिंत 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघाली. म्हणजे आपल्या जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढीसुद्धा नाही. एवढ्या पातळ भिंतीत, वरच्या काठाला तर खासच, दाताच्या स्वतःच्या हाडाशिवाय दुसरं फारसं काही नसतं.

शिवाय रक्ताचा प्रश्न. हाड जिवंत असतं, त्याला रक्त लागतं. जाड हाडाला आतल्या मज्जेतून रक्त मिळतं. पातळ भिंतीच्या आत मज्जाच नसते. तिला रक्त मिळतं ते दोन बाजूंनी: आतून त्या तंतूंच्या गादीतून आणि बाहेरून हाडावरच्या आवरणातून. दात काढला की आतला पुरवठा त्याच क्षणी बंद. त्यात डॉक्टरांनी हिरडी कापून वर उचलली तर बाहेरचाही काही दिवस तुटतो. दोन्हीकडचं पाणी तोडलेल्या वाफ्याचं जे होईल तेच या भिंतीचं होतं.

सीमाभागातल्या वाचकांना एक गोष्ट लगेच जाणवेल. कन्नडात हाडाला 'मूळे' म्हणतात आणि मराठीत मुळं म्हणजे दाताची मुळं. शब्दांचा हा योगायोग असेल, पण जबड्यात मात्र मूळ गेलं की 'मूळे' जाते हे खरं आहे.

किती जातं आणि कधी जातं?

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाढा-उपदाढा काढलेल्या पेशंटांची वर्षभर मोजमापं घेतली. दात काढलेल्या जागेची रुंदी बारा महिन्यांत जवळजवळ निम्मी झाली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. पुढच्या दातांचं चित्र स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या 2013 च्या अभ्यासानं जास्त स्पष्ट केलं. ओठाकडची भिंत 1 मिलिमीटरपेक्षा पातळ असलेल्यांत, दात काढल्यावर फक्त आठ आठवड्यांत त्या भिंतीची उंची मध्यमानानं 7.5 मिलिमीटरनं कमी झाली. भिंत जाड होती त्यांच्यात ही घट 1.1 मिलिमीटर होती. दात काढायची पद्धत सगळ्यांची तीच. फरक फक्त भिंतीच्या जाडीचा.

मग लगेच इम्प्लांट घातला तर हाड वाचेल ना?

इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तो एके काळी डॉक्टरांचासुद्धा होता.

थोडा इतिहास सांगतो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी टायटॅनियमचं छोटं उपकरण हाडात बसवलेलं होतं. प्रयोग संपल्यावर महागाचं उपकरण परत काढायला गेले तर निघेना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. यातून पुढे 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त टिकले. त्या काळची पद्धत सबुरीची होती. दात काढायचा, जखम पूर्ण भरू द्यायची, मग स्क्रू बसवून हिरडी शिवून टाकायची आणि पुन्हा काही महिने थांबायचं.

पण पेशंटला घाई असते. जर्मनीत टुबिंगनच्या विल्फ्रीड शुल्टं यांनी 1976 मध्येच दात काढल्या काढल्या बसवायच्या इम्प्लांटची माहिती प्रसिद्ध केली होती. पुढे ही पद्धत जगभर गेली. एका शस्त्रक्रियेत काम होतं, वेळ वाचतो, हिरडीचा आकार सांभाळता येतो, हे फायदे खरेच आहेत. त्यासोबत एक समजूत रुजली की खोबणीत स्क्रू भरला की हाडाला आधार मिळतो आणि ते आटत नाही.

2004-05 मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी ही समजूत तपासून बघितली. एका अभ्यासात माणसांमध्ये तात्काळ इम्प्लांट बसवून चार महिन्यांनी ती जागा परत उघडून मोजली. स्क्रू आणि हाड यांच्यामधली फट नवीन हाडानं बरीचशी भरून आली होती. ही चांगली बातमी. पण त्याच काळात ओठाकडची भिंत बाहेरच्या अंगानं सुमारे 56 टक्के आटली होती, टाळूकडची 30 टक्के. कुत्र्यांवरच्या प्रयोगातही तेच दिसलं. इम्प्लांट असो वा नसो, दाताचं स्वतःचं हाड जायचं ते जातंच.

सोप्या भाषेत सांगायचं तर स्क्रू हा दात नव्हे. त्याला ती तंतूंची गादी नाही. तो हाडाला धरून बसतो, पण त्या पातळ भिंतीला जगवू शकत नाही. घराचा खांब काढून तिथं लोखंडी पाइप उभा केला तर छत राहील, खांबावर चढलेली वेल मात्र वाळेल. तसंच हे.

भिंत टिकवायची तर डॉक्टर काय करतात?

म्हणजे तात्काळ इम्प्लांट वाईट का? अजिबात नाही. माझ्या इचलकरंजीच्या मेहुण्याला सांगलीत दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट बसवला. पाच वर्षं झाली, बघणाऱ्याला खरा कुठला आणि बसवलेला कुठला ते ओळखता येत नाही. फरक पेशंट निवडण्यात आणि हातच्या कामात आहे. आता बहुतेक जाणकार डॉक्टर पुढच्या गोष्टी पाळतात.

पहिली, निवड. ओठाकडची भिंत पूर्ण शाबूत हवी आणि शक्यतो 1 मिलिमीटरपेक्षा जाड हवी. हिरडी जाड असली तर उत्तम. जागेवर पू किंवा तीव्र सूज नको. मुळाच्या टोकापलीकडे आणि टाळूच्या बाजूला स्क्रूला पकड मिळेल एवढं हाड हवं. यातलं एखादं नसेल तर थांबणं शहाणपणाचं.

दुसरी, दात काढायची रीत. पक्कड धरून डावी-उजवीकडे हलवून दात उपटला तर ती कागदी भिंत तिथंच मोडते. बारीक पात्याच्या हत्यारानं तंतू कापत, गरज पडली तर मुळाचे तुकडे करून, हिरडी न उचलता दात काढावा लागतो. यात अर्धा-पाऊण तास गेला तर पेशंटनं कंटाळू नये. तो वेळ भिंत वाचवण्यात जातोय.

तिसरी, स्क्रूची जागा. जुन्या मुळाच्या जागी सरळ स्क्रू घातला तर तो ओठाकडं येतो आणि भिंतीला टेकतो. म्हणून तो टाळूच्या अंगाला सरकवून, जरा कमी जाडीचा घेऊन, ओठाकडं साधारण 2 मिलिमीटर किंवा जास्त फट ठेवून बसवतात. खोली हिरडीच्या काठापासून सुमारे 3 ते 4 मिलिमीटर. इथं एक-दीड मिलिमीटरची चूक पुढे आरशात दिसते.

चौथी, फट भरणं. ही फट रिकामी न ठेवता तीत हाडाची भुकटी, म्हणजे बोन ग्राफ्ट भरतात. ती हळूहळू विरघळणारी असते. भिंत आटली तरी बाहेरचा फुगवटा बराचसा टिकून राहतो. इथं आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. जास्त वापरात असलेली भुकटी गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून बनवलेली असते. वर घालायचा पातळ पडदा पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजेनचा असतो. कृत्रिम आणि मानवी दात्याच्या हाडापासून केलेले पर्यायही मिळतात. जैन, लिंगायत, मुस्लिम, शाकाहारी कुटुंबांत हा प्रश्न नाजूक ठरू शकतो. डॉक्टर काम झाल्यावर सांगतील म्हणून थांबू नका, आधी विचारा. कोणता पर्याय का चांगला, हे ते सांगतील. निर्णय तुमचा.

पाचवी, हिरडीला जाडी देणं. हिरडी पातळ असेल तर टाळूतला छोटा तुकडा घेऊन ओठाकडच्या हिरडीखाली बसवतात. यामुळे हाड वाढत नाही, पण हिरडी खाली सरकण्याचा धोका कमी होतो आणि धातूची करडी छटा बाहेर दिसत नाही.

या पाचही गोष्टी बघितल्या तर लक्षात येईल की 'आज काढा, आज बसवा' हे ऐकायला सोपं वाटणारं काम सगळ्यात अवघड कामांपैकी आहे.

घट्ट बसला म्हणजे जुळला नव्हे

पेशंटला वाटतं, स्क्रू घट्ट बसला, आता काय भीती? पण घट्टपणा दोन तऱ्हेचा असतो. पहिला यांत्रिक, लाकडात स्क्रू पिळल्यासारखा. तो बसवताना किती जोर लागला त्यावरून मोजतात. लगेच तात्पुरता दात लावायचा असेल तर साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर एवढा पिळा मिळावा असं पाहतात. तात्काळ इम्प्लांटमध्ये ही पकड बहुतेक करून मुळाच्या टोकापलीकडच्या आणि टाळूकडच्या हाडातून मिळते.

दुसरा घट्टपणा जैविक. हाड स्वतः धातूवर वाढून त्याला धरतं. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. मधल्या काळात एक धोक्याचं वळण असतं. पिळ्यानं दाबलेलं जुनं हाड शरीर काढून टाकायला लागतं आणि नवीन हाड अजून कच्चं असतं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात स्क्रूची एकूण पकड सगळ्यात कमी होते. नेमकं याच वेळी पेशंटला काही दुखत नसतं. सूज उतरलेली असते आणि तात्पुरता दात छान दिसत असतो. मग तो हुरडा खातो, कणीस तोडतो, कारखाना सुरू असेल तर उसाचं कांडं समोरच्या दातानं सोलतो. स्क्रू केसभर हलत राहिला की त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ पेशींचा थर धरतो आणि तो कायमचा ढिला होतो.

म्हणून तात्पुरता दात समोरच्या खालच्या दाताला अजिबात लागू नये असा ठेवतात. तो दाखवायचा दात असतो, खायचा नाही. दोन-तीन महिने भाकरीसुद्धा हातानं तोडून दाढेखाली घालायची. एवढं पथ्य जमणार नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्यात लाज कसली?

हाडाचा घसारा

मी कॉमर्सचा माणूस. मला यातली एक गोष्ट लगेच पटली. कारखान्यातल्या मशिनीवर जसा दर वर्षी घसारा धरतात, तसा इम्प्लांटभोवतीच्या हाडावरही धरतात. 1986 मध्ये तज्ज्ञांनी यशस्वी इम्प्लांटचे निकष मांडले. त्यात पहिल्या वर्षानंतर दर वर्षी हाडाची उभी घट 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी असावी असं म्हटलं होतं. पहिल्या वर्षी जरा जास्त घट चालते, कारण हाड तेव्हा बस्तान बसवत असतं. दर वर्षी पूर्ण 0.2 मिलिमीटर धरलं तर दहा वर्षांत 2 मिलिमीटर. ही वरची मर्यादा आहे. चांगल्या कामात आणि चांगल्या निगेत घट याहून पुष्कळ कमी राहते.

पण या हिशेबात एक खाच आहे, आणि ती पेशंटला कुणी सांगत नाही. नेहमीच्या छोट्या एक्स-रेमध्ये स्क्रूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचं हाड दिसतं. ओठाकडची भिंत दिसतच नाही, कारण ती स्क्रूच्या पुढे येते. धातूची पांढरी सावली तिला झाकून टाकते. म्हणजे ज्या भिंतीबद्दल आपण इतका वेळ बोलतोय, तिचीच नोंद ताळेबंदात नसते. 'एक्स-रे चांगला आहे, हाड स्थिर आहे' हे वाक्य खरं असूनही अपुरं असू शकतं. ओठाकडची भिंत बघायची तर सीबीसीटी लागतो, आणि इम्प्लांट बसवल्यावर धातूच्या चमकेमुळे तोही तितका स्वच्छ येत नाही. म्हणून बसवण्याआधीचा सीबीसीटी सगळ्यात मोलाचा. ती तुमची ओपनिंग बॅलन्स.

दुसरी खाच 'यश' या शब्दात. इम्प्लांट टिकला आणि इम्प्लांट शोभला या दोन वेगळ्या गोष्टी. 2019 मध्ये एक दात बसवलेल्या पेशंटांचे अनेक अभ्यास एकत्र करून तुलना झाली. तात्काळ बसवलेले सुमारे 95 टक्के टिकले, जखम भरल्यावर बसवलेले सुमारे 99 टक्के. दोन्ही आकडे चांगलेच आहेत. पण शंभरातले चार जास्त गेले, हेही खरं. आणि टिकलेल्या इम्प्लांटची हिरडी जर एक-दीड मिलिमीटर वर सरकली, तर शेजारच्या दातापेक्षा तो लांब दिसतो. दाढेला हे चालतं. हसताना दिसणाऱ्या दाताला चालत नाही.

निपाणीची पानं आणि आपली हिरडी

आपण तंबाखूच्या पट्ट्यात राहतो. निपाणीचा बाजार, विडी वळणाऱ्या बायका, 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, हे सगळं इथल्या घराघरात ठाऊक आहे. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा हेतू नाही. पण इम्प्लांटच्या हाडाला तंबाखू वैरी आहे, हे लिहायलाच हवं.

केंद्र सरकारच्या 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के आणि कर्नाटकातले 22.8 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं. हद्दीच्या दोन्ही बाजूंना साधारण चौघांत एक. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जी भिंत आधीच रक्ताला महाग, तिचा उरलेला पुरवठा आणखी घटतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असल्याचं एकत्रित अभ्यास सांगतात. मिश्री लावणाऱ्या आयाबाया तर ती थेट हिरडीवरच चोळतात. गुटखा-तंबाखूचा बार जिथं धरतात तिथली हिरडी खाली सरकते, हे दातांच्या कुठल्याही दवाखान्यात रोज दिसतं.

दुसरं म्हणजे साखर. मधुमेह आटोक्यात असेल तर इम्प्लांट करता येतो. आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, आधी दाखवा. हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर तेही लपवू नका. त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण येते.

तिसरं, जंतू. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि दुर्लक्ष केलं तर हाड झिजत जातं. ज्यांचे आधीचे दात हिरड्यांच्या आजारानं हलून पडलेत, त्यांना हा धोका जास्त. ब्रश करताना इम्प्लांटभोवती रक्त आलं तर 'चालतंय' म्हणू नये.

इम्प्लांटआधी एक विसरू नका

दात मार लागून अख्खा निघून पडला तर तो फेकून देऊन दवाखान्यात जाऊ नका. तो वरच्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर क्षणभर धुऊन, माणूस शुद्धीवर असेल तर तिथंच खोबणीत परत बसवा. ते जमलं नाही तर थंड दुधात घालून तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोचा. जितका लवकर तितका चांगला. स्वतःचा दात परत जुळला तर त्याच्यासोबत भिंतही टिकते. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना मात्र हे करत नाहीत.

आणि शाळकरी, कॉलेजच्या मुलांना इम्प्लांटची घाई करू नये. जबड्याची वाढ चालू असते. शेजारचे दात खाली येत राहतात आणि इम्प्लांट हाडात जागच्या जागी राहतो. काही वर्षांत तो आखूड दिसायला लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला दात हाच मार्ग.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

खर्च पाच आकडी असतो आणि बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दाताचे पैसे मिळत नाहीत. म्हणून खुर्चीवर बसायच्या आधी एवढं विचारा :

- सीबीसीटीमध्ये माझी ओठाकडची भिंत शाबूत आहे का? किती जाड?
- आजच बसवला तर का, आणि थांबलो तर काय फरक पडेल?
- भिंत काढताना मोडली तर तुमचा दुसरा बेत काय?
- हाडाची भुकटी कशापासून बनलेली? तिचे पैसे वेगळे का?
- तात्पुरता दात किती दिवस, आणि त्यावर काय खायचं नाही?
- इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर, म्हणजे कंपनी, माप आणि बॅच नंबर, मला मिळेल का?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार कामाचा. दात बेळगावात बसवायचा, नोकरी पुण्यात, पोरगी गोव्यात. उद्या आतला स्क्रू ढिला झाला तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना कंपनी आणि माप कळल्याशिवाय पाना लागत नाही. स्टिकरचा फोटो मोबाईलवर ठेवा आणि कागद आधार कार्डासोबत.

एका मतावर भागत नसेल तर दंत महाविद्यालयात जा. हिरडी, शस्त्रक्रिया आणि कृत्रिम दात असे तिन्ही विभाग एका छताखाली असतात. बेळगावात हुक्केरीचे माजी आमदार विश्वनाथ कत्ती यांच्या नावाचं केएलईचं दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचंही आहे. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आणि सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. वेळ जास्त लागतो, विद्यार्थी चार वेळा तोंड उघडायला लावतात, पण दोन-तीन तज्ज्ञ एकत्र बघतात.

माझं काय झालं?

माझ्या स्कॅनमध्ये मूळ उभं फाटलेलं होतं. अशा फाटीच्या रेषेनं जंतू शिरतात आणि ओठाकडच्या भिंतीत वरून खालपर्यंत चिरेसारखी पोकळी पडते. माझी भिंत एका जागी नव्हतीच. मेहुण्याची मात्र शाबूत आणि जाड होती, आणि तो सुपारीसुद्धा खात नाही. त्याला 'आज' बरोबर होतं, मला 'थांबा' बरोबर होतं. कोल्हापूरकर डॉक्टर पद्धत चुकीची सांगत नव्हते. त्यांनी भिंत न बघता ती सांगितली, एवढंच.

दात काढल्यावर आठ आठवड्यांनी भुकटी घालून इम्प्लांट बसवला. पुढं चार महिन्यांनी कॅप. तोवर काढता-घालता येणारा दात वापरला. एका लग्नात जेवताना तो पत्रावळीत पडला, सगळ्यांनी बघितला. त्या दिवशी वाटलं होतं, कशाला थांबलो. आता दर सहा महिन्यांनी साफसफाईला जातो, वर्षातून एकदा एक्स-रे काढून मागच्याशी ताडून बघतो. हिरडी अजून जागेवर आहे. ऊस मात्र आता चाकूनं सोलून, कांडी करून दाढेनं खातो.